वाळूत पुरलेली गाडी आणि एक तुटलेली साखळी

आजच्या भागात एका रेसकारची गोष्ट आहे. तिचं नाव बॅब्ज. विमानाचं इंजिन लावलेल्या या गाडीला एकदा वाळूत पुरलं आणि 42 वर्षांनी उकरून काढलं. सध्या मी तिचं 1:24 मापाचं मॉडेल करतोय. म्हणजे खऱ्या गाडीतले 24 सेंटिमीटर माझ्या टेबलावर एक सेंटिमीटर होतात. तयार किट नाही. प्लॅस्टिक शीट, एम-सील आणि जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची तार. सगळे भाग हातानं करायचे.

आता याचा इतिहासाशी काय संबंध? बघा, ‘साखळी तुटली’ असं पुस्तकात वाचलं की आपण पान उलटतो. पण तीच साखळी स्वतः करायला बसलं की प्रश्न पडतात. ती कुठून कुठे जात होती? मुळात होतीच कशाला? आणि ती खरंच तुटली का?

सुरुवात इंजिनापासून करू. पहिलं महायुद्ध 1918 मध्ये संपलं आणि विमानांची इंजिनं ढिगानं पडून राहिली. ताकद प्रचंड आणि किंमत कमी. इंग्लंडमधल्या हौशी रेसर्सना आयतं घबाड मिळालं. त्यातलाच एक काउंट लुई झ्बोरोव्स्की. त्यानं केंट परगण्यातल्या आपल्या हायम पार्क इस्टेटवर एक गाडी बांधली, हायम स्पेशल. तिच्यात बसवलं अमेरिकन लिबर्टी इंजिन: 12 सिलिंडर, 27 लिटर. आपल्या साध्या हॅचबॅकचं इंजिन सव्वा लिटरच्या आसपास असतं. इथे एकेका सिलिंडरची क्षमताच सव्वादोन लिटर!

मॉडेल करणाऱ्याला लिबर्टी आवडतं, कारण त्याचे बाराही सिलिंडर सुटे आहेत. आतला व्यास 127 मिलिमीटर, म्हणजे माझ्या मापात 5.3. रिफिलपेक्षा जाड, पेन्सिलीपेक्षा बारीक. सहा-सहाच्या दोन रांगा, मध्ये 45 अंशांचा कोन. तो मी शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानंच मोजला.

आता साखळी. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे न्यायला झ्बोरोव्स्कीनं युद्धापूर्वीच्या ब्लिट्झन बेंझचा गिअरबॉक्स आणि चेन ड्राइव्ह वापरला. दोन्ही बाजूंना एकेक जाड साखळी, सायकलसारखीच पण राक्षसी. यामागे हिशेब होता. मागच्या आसावर वजन कमी पडतं आणि दातेरी चक्र बदललं की गिअरचं प्रमाणही बदलता येतं. साखळी जुन्या वळणाची होती, पण मूर्खपणाची नव्हती.

झ्बोरोव्स्की 1924 मध्ये मोन्झाच्या शर्यतीत गेला. ही गाडी 125 पौंडांना घेतली जे. जी. पॅरी-टॉमस यांनी. हे लेलँड कंपनीचे माजी मुख्य अभियंता. त्यांनी चार कार्ब्युरेटर लावले, स्वतः डिझाइन केलेले पिस्टन घातले आणि गाडीचं नाव बॅब्ज ठेवलं. मग वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर, सुमारे 11 किलोमीटर लांब सपाट वाळूवर, 28 एप्रिल 1926 रोजी त्यांनी ताशी 275 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला.

पुढच्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्पबेल यांनी त्याच वाळूवर तो मोडला. टॉमस गाडीत सुधारणा करून परत आले. 3 मार्च 1927 रोजी भर वेगात बॅब्ज उलटली आणि टॉमस जागीच गेले. वय 41. जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करताना प्राण गमावलेले ते पहिले चालक. सहकाऱ्यांनी गाडी तिथेच वाळूच्या टेकड्यांत पुरून टाकली. महिना संपायच्या आत अमेरिकेतल्या डेटोना किनाऱ्यावर हेन्री सीग्रेव्ह यांनी ताशी 320 किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

लोकांच्या तोंडी मात्र एकच गोष्ट राहिली. साखळी तुटली आणि तिनं टॉमस यांचं डोकं उडवलं. थरारक गोष्ट पटकन पसरते. कोणी तपासायचं ठरवलं, तरी पुरावा वाळूखाली होता.

1969 मध्ये वेल्सचेच एक इंजिनिअरिंगचे अध्यापक, ओवेन विन ओवेन, परवानग्या मिळवून ती जागा खणायला लागले. जागा तेव्हा लष्कराच्या हद्दीत होती. थडगं कशाला उकरता, असं कोणालाही वाटणं साहजिक आहे. पण खारट वाळूत लोखंड आणखी किती टिकलं असतं? ओवेन यांनी पुढची अनेक वर्षं घालवून गाडी पुन्हा धावती केली. आणि अवशेष तपासल्यावर वेगळीच शक्यता पुढे आली. आधी मागचं उजवं चाक निकामी झालं असावं आणि साखळी हे मूळ कारण नसावंच. टॉमस यांना झालेली जखमही गाडी उलटून वाळूवर घसरताना झाली असावी, असं मानलं जातं.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण साखळीच्या गोष्टीत टॉमस हे जुनाट यंत्राला चिकटून बसलेले हट्टी गृहस्थ ठरतात. एका अभियंत्याच्या आयुष्यभराच्या कामावर मारलेला तो शेरा आहे. चाकानं दगा दिला असेल, तर तो शेरा पुसावा लागतो.

माझ्यापुढेही निवड होतीच. आज पाहायला मिळते ती बॅब्ज म्हणजे सापडलेले जुने भाग आणि जे गंजून गेलं त्या जागी नव्यानं केलेले. 1926 ची बॉडी वेगळी, 1927 ची वेगळी. मी 1926 ची धरली, विक्रमाच्या दिवसाची. त्यासाठी आजच्या गाडीचे स्वच्छ रंगीत फोटो बाजूला ठेवून त्या वर्षीच्या धूसर काळ्यापांढऱ्या फोटोंवर डोळे ताणावे लागतात.

सध्या साखळीचं काम चालू आहे. एकेक कडी मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, तासाभरात बोटभरसुद्धा होत नाही. पण ती नीटच करायचीय. निदान माझ्या टेबलावर तरी तिच्यावरचा आळ सिद्ध झालेला नाही.

तुमच्या गावात अशी एखादी यंत्राची किंवा अपघाताची ऐकीव गोष्ट असेल, तर तिचा पुरावा कुठे पडलाय ते शोधा आणि आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात!