विम : सर्वांसाठी खुला राहिलेला एडिटर

लिनक्सवर विम हा टेक्स्ट एडिटर स्वतः तयार करायचा तर सोर्स कोड उतरवून तीन आज्ञा द्याव्या लागतात. ‘कॉन्फिगर’ आपल्या संगणकात काय काय आहे ते तपासते, ‘मेक’ कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवते आणि ‘मेक इन्स्टॉल’ तो जागेवर नेऊन ठेवते. आज सोपी वाटणारी ही मुभा पूर्वी नव्हती.

१९७६ साली बर्कलेत बिल जॉय यांनी ‘व्ही-आय’ लिहिला. त्यात एटी अँड टीच्या युनिक्समधला कोड होता, म्हणून परवान्याशिवाय तो वाटता येत नसे. डच प्रोग्रॅमर ब्राम मोलेनार यांना आपल्या अमिगा संगणकावर तसाच एडिटर हवा होता. ‘स्टीव्ही’ या व्ही-आयच्या नकलेवर १९८८ पासून मेहनत घेऊन १९९१ मध्ये त्यांनी विम लोकांपुढे ठेवला.

१९९४ मध्ये ते युगांडातील किबाले येथे काम करायला गेले. एड्समुळे पोरकी झालेली मुले त्यांनी तिथे पाहिली. पुढे, विम आवडला तर या मुलांना मदत करा, असे त्यांनी सांगितले. विम उघडताच हे आवाहन पडद्यावर दिसू लागले.

२०२३ मध्ये मोलेनार वारले. कोड खुला होता, म्हणून विमचे काम थांबले नाही; इतरांनी ते पुढे चालू ठेवले.