माल सिंगची तबकडी

पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांचे आवाज बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आजही ऐकता येतात. विल्हेल्म डोगेन या शाळामास्तराच्या खटपटीने १९१५च्या अखेरीस हे आवाज टिपण्यासाठी प्रशियन आयोग नेमला गेला आणि १९१८पर्यंत छावण्याछावण्यांतून सुमारे १,६५० तबकड्या भरल्या गेल्या. हवे होते ते भाषांचे नमुने. इंग्रज कैद्यांकडून त्यासाठी बायबलमधला उधळ्या पुत्राचा दृष्टांत वदवून घेतला. ग्रिअर्सनने केलेल्या हिंदुस्थानच्या भाषा-सर्वेक्षणात मराठीच्या बोलींसाठीही हाच दृष्टांत छापला आहे. मजकूर एकच असला की बोलींमधला फरक चटकन लक्षात येतो. भाषाशास्त्राचे काम त्याने भागते, पण इतिहासाचा अभ्यासकही तेवढ्यावर थांबला, तर या तबकड्यांतला सर्वांत मोलाचा पुरावा त्याच्या हातून निसटतो.

११ डिसेंबर १९१६ला बर्लिनजवळच्या व्ह्युन्सडॉर्फ छावणीत माल सिंग नावाचा शिपाई कर्ण्यापुढे उभा राहिला. संग्रहाच्या सूचीत तो पंजाबीचा नमुना. तो सांगतो एका माणसाची गोष्ट: हिंदुस्थानात हा माणूस लोणी खायचा, दूध प्यायचा, इंग्रजांच्या चाकरीत लागला, युरोपातल्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती सापडला, आणि आणखी दोन वर्षे इथेच राहावे लागले तर तो मरेल. यावर आक्षेप असा की हे मोकळे बोलणे नव्हे. मजकूर आधी लिहून, घोटून घेतलेला असे. खरे आहे. पण आधी लिहिलेले म्हणजे विचार करून निवडलेलेही असू शकते. उच्चार तपासायला कोणतेही वाक्य चालले असते; दूध-लोण्याची आठवण आणि मरणाची भीती त्या कामासाठी लागत नव्हती. 'मी' न म्हणता 'एक माणूस' म्हणणे हा पहाऱ्यात राहून मनातले सांगण्याचा मार्ग होता, असे मला ठामपणे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कैद्याला नकार देण्याची मुभा कितपत होती? मग आज ते आवाज ऐकणे म्हणजे तीच जबरदस्ती पुढे चालवणे नव्हे का? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. मात्र प्रत्येक तबकडीसोबत एक छापील तक्ता भरला जाई: जन्मगाव, आईवडिलांचे मूळ, शिक्षण, धर्म, धंदा आणि आवाजाच्या प्रतीवर तज्ज्ञाचा शेरा. तबकडी कपाटात बंद केली, तर त्या माणसाविषयीचा शेवटचा शब्द हा शेराच ठरेल. ऐकायचे असेल तर सूचीही बदलायला हवी. 'पंजाबी' या शब्दाशेजारी युद्ध, कैद, अन्न आणि घरची ओढ हे विषय नोंदवले, तरच या काळाचा शोध घेणारा वाचक माल सिंगपर्यंत पोचेल.