सरकारी निधीची मागणी : कालची आणि आजची

आपल्या ज्ञातीच्या कोणत्याही वार्षिक सभेचा वृत्तान्त उघडला, तर त्यांत एक ठराव हमखास आढळतो. गांवच्या रस्त्यासाठीं, पाण्याच्या टाकीसाठीं, समाजमंदिरासाठीं किंवा विद्यार्थिगृहासाठीं सरकारनें निधि द्यावा, असा तो ठराव असतो. टाळ्यांच्या गजरांत तो संमत होतो, निवेदनाची एक प्रत आमदारांना व एक खासदारांना दिली जाते, आणि पुढील वर्षीं पुष्कळदा तोच ठराव पुन्हां वाचला जातो. असें कां व्हावें? मागणी खोटी असते म्हणून नव्हे. गांवची गरज तर डोळ्यांसमोर असते. मागणी कोणत्या नात्यानें, कोणत्या तयारीनें आणि कोणासाठीं करावयाची, याचा विचार आपण पुरता करीत नाहीं, हें त्याचें कारण आहे. या तिन्ही प्रश्नांवर आपल्या देशाच्या इतिहासानें पुष्कळ प्रकाश टाकला आहे. तो थोडक्यांत ज्ञातिबांधवांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

मध्यवर्ती सरकारकडे पैसा मागण्याची प्रथा आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सुरू झाली, असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. इ. स. १८३३ च्या सनदी कायद्यानें हिंदुस्थानच्या खजिन्याच्या किल्ल्या कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हातीं गेल्या. मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या सरकारांनाही नवी जागा निर्माण करावयाची अथवा नवा खर्च करावयाचा, तर कलकत्त्याची मंजुरी लागे. प्रांतानें काटकसर केली तरी वाचलेला पैसा त्याच्या पदरांत पडत नसे, आणि उधळपट्टी केली तरी त्याचा भार त्याच्या एकट्यावर येत नसे. साहजिकच जो तो जास्तींत जास्त मागूं लागला. निधीची वांटणी म्हणजे निवळ ओढाताण झाली आहे, आणि जो अधिक आरडाओरडा करील त्याच्या पदरांत अधिक पडतें, अशी कबुली त्या काळच्या वित्तखात्यांतील जाणत्या अधिकाऱ्यांनींच दिली आहे. ज्याला हिशेब द्यावा लागत नाहीं त्याच्या मागणीला मर्यादा राहत नाहीं, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

या अव्यवस्थेवर लॉर्ड मेयो यांनीं १४ डिसेंबर १८७० च्या ठरावानें उपाय योजला. शिक्षण, पोलीस, तुरुंग, वैद्यकीय सेवा, रस्ते व सरकारी इमारती अशीं खातीं प्रांतांकडे सोंपवून त्यांच्या खर्चासाठीं दरसाल ठराविक रक्कम देण्याचें ठरलें. तिच्यांत भागलें तर ठीक. कमी पडलें तर प्रांतानें स्वतः पैसा उभारावा. मागणाऱ्याच्या खांद्यावर जबाबदारीचें जूं प्रथमच ठेवलें गेलें तें असें.

परंतु हा सारा व्यवहार सरकारासरकारांमधला होता. गांवकऱ्याचें काय? मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा अशी लोकल फंडाची पट्टी बसविण्यांत आली, आणि १८६९ च्या तिसऱ्या कायद्यानें तिला कायद्याचें अधिष्ठान मिळालें. या आण्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे आणि उरलेले दोन हिस्से रस्ते वगैरे कामांकडे लावण्यांत येत. म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतून ज्या जुन्या मराठी शाळा निघाल्या, त्यांच्या भिंतींत कुणब्याच्या घामाचा पैसा आहे. पट्टी देण्याचें कर्तव्य त्याच्यावर होतें. ती कोठें खर्च झाली हें विचारण्याची सत्ता मात्र त्याला नव्हती. फंडाच्या समित्यांवर कलेक्टरसाहेबांचाच अंमल चाले.

हें शल्य बोलून दाखविणारा पुरुष महाराष्ट्रांतच निपजला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर शिक्षण आयोगाला आपलें निवेदन सादर केलें. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा अन्याय त्यांनीं स्पष्टपणें मांडला. बहुजनांच्या मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें प्राथमिक शिक्षण मिळावें अशी मागणी केली. या निवेदनाकडे आपण एका विशिष्ट दृष्टीनें पाहावें अशी माझी विनंती आहे. त्यांत दीनवाणें आर्जव कोठेंही नाहीं. हा पैसा आमचा आहे, म्हणून त्याचा विनियोग विचारण्याचा आम्हांला अधिकार आहे, असा त्याचा रोख आहे. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं, १८ मे १८८२ रोजीं, लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव निघाला होता. स्थानिक मंडळांत बिनसरकारी सभासदांचें प्राबल्य असावें आणि शक्य तेथें ते निवडणुकीनें यावेत, असें त्यांत म्हटलें होतें. तदनुसार १८८४ मध्यें मुंबई इलाख्यांत लोकल बोर्डांचा कायदा झाला. मतदानाचा हक्क थोड्यांनाच होता. तरी कर देणारा आणि खर्च ठरविणारा यांची गांठ पडण्यास आरंभ झाला.

आतां या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाच्या टप्प्याकडे वळूं. सार्वजनिक पैशानें विहीर बांधली, तळें राखलें, धर्मशाळा उभारली. पण तिचा उपयोग कोणी करावयाचा? ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं ठराव मांडला, कीं सार्वजनिक निधीनें बांधलेलीं वा चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, दवाखाने व कचेऱ्या हीं सर्व अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुलीं असावींत. ठराव संमत झाला. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी. स्वज्ञातीच्या उन्नतीसाठीं झटणारे गृहस्थ. परंतु सार्वजनिक पैशाचा प्रश्न येतांच त्यांनीं ज्ञातीच्या कुंपणापलीकडे पाहिलें, ही गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनीं मनांत कोरून ठेवण्यासारखी आहे. स्थानिक संस्थांनीं त्या ठरावाची दाद घेतली नाहीं, तेव्हां त्यांनींच ५ ऑगस्ट १९२६ रोजीं पुढचें पाऊल टाकलें: ज्या नगरपालिका व लोकल बोर्डें हा ठराव पाळणार नाहींत, त्यांना सरकारनें अनुदान देऊं नये.

महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालींच आपलें चवदार तळें सर्वांना खुलें केल्याचा ठराव केला होता; तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधि अनुयायांसह तळ्यावर गेले व तेथील पाणी प्राशन केलें, तेव्हां त्या ठरावांत प्राण आला. पुढें नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, दावा न्यायालयांत गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूनें लागला. सार्वजनिक निधि हा कोणा एका वर्गाचा नव्हे, हें तत्त्व आपल्या भूमींत एवढ्या कष्टानें प्रस्थापित झालें आहे.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजीं, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, केंद्र सरकारनें ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू केले. एकेका प्रकल्पांत सुमारें ३०० गांवें. सरकारनें पैसा व तज्ज्ञ द्यावेत आणि गांवानें श्रमदान, साहित्य वा वर्गणी यांच्या रूपानें आपला वाटा उचलावा, अशी कल्पना होती. रस्ते झाले, विहिरी झाल्या, शाळांच्या खोल्या उभ्या राहिल्या. परंतु १९५७ सालीं बलवंतराय मेहता समितीनें या कार्याची पाहणी केली, तेव्हां लोकांचा उत्साह व पुढाकार अपेक्षेप्रमाणें जागृत झाला नाहीं, असें तिला आढळलें. निर्णयाची सत्ता लोकनियुक्त संस्थांच्या हातीं दिल्यावांचून तो जागृत होणार नाहीं, असा तिचा अभिप्राय पडला. त्यांतूनच पंचायत राज्याची त्रिस्तरीय रचना आली, आणि महाराष्ट्रांत १ मे १९६२ पासून जिल्हापरिषदा सुरू झाल्या.

पुढें १९९३ हें वर्ष विशेष महत्त्वाचें ठरलें. त्या वर्षीं २४ एप्रिल रोजीं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलांत आली आणि ग्रामसभेला घटनेंत स्थान मिळालें. पंचायतींच्या निधीचा विचार करणें हें केंद्रीय वित्त आयोगाचें कर्तव्य ठरलें. दहाव्या वित्त आयोगानें १९७१ च्या जनगणनेंतील ग्रामीण लोकसंख्येच्या दर माणशीं १०० रुपये अशी शिफारस केली. चौदाव्या आयोगानें २०१५ ते २०२० या पांच वर्षांसाठीं ग्रामपंचायतींकरितां २,००,२९२ कोटि रुपयांची शिफारस केली, आणि गांवाचा आराखडा गांवानेंच करावा, हा प्रघात तेव्हांपासून रूढ झाला. त्याच १९९३ सालीं, २३ डिसेंबर रोजीं, खासदारांच्या स्थानिक क्षेत्रविकासाची योजना जाहीर झाली. आरंभीं प्रत्येक खासदारामागें ५ लक्ष रुपये असलेली ही तरतूद १९९४-९५ मध्यें १ कोटि, १९९८-९९ मध्यें २ कोटि आणि २०११-१२ पासून ५ कोटि झाली. या योजनेंत खासदार पैसा वांटीत नाहीं. तो कामाची शिफारस करतो, मंजुरी व अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. काम टिकाऊ व सार्वजनिक उपयोगाचें असावें लागतें. प्रार्थनास्थळासाठीं हा पैसा मिळत नाहीं. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठीं १५ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठीं ७.५ टक्के रक्कम सुचवावी, असाही दंडक आहे.

पाणीयोजनांत तर लोकवाट्याचें तत्त्व उघडपणें स्वीकारलें गेलें. २००२ सालच्या स्वजलधारा योजनेंत खर्चाचा दहावा हिस्सा गांवानें द्यावयाचा व पुढील देखभालही गांवानेंच करावयाची होती. २०१९ च्या जलजीवन मिशननें गांवांतर्गत कामासाठीं हाच दहावा हिस्सा ठरविला. डोंगराळ व वनप्रदेशांत, तसेंच अनुसूचित जाति-जमातींची बहुसंख्या असलेल्या गांवांत तो पांच टक्के ठेवला.

येथें कोणी विचारील, कीं गरिबानें वाटा कोठून आणावा? प्रश्न रास्त आहे. काड्याच्या पेटीपासून कपड्यापर्यंत प्रत्येक खरेदींत गरीब माणूस कर भरीतच असतो. मग त्याच्याकडे पुन्हां वर्गणी कशी मागावी? म्हणूनच पांच टक्क्यांची सवलत न्याय्य आहे, आणि जेथें पैसा नाहीं तेथें श्रम हा वाटा मानला गेला पाहिजे. परंतु वाट्याचें खरें मोल रुपयांत नाहीं. ज्या कामांत आपली कुदळ लागली त्याची नळी फुटली तर गांवकरी स्वतः धांवतो. जें काम परस्पर आलें त्याची नळी फुटली तर तो अर्ज लिहितो.

तेव्हां आपल्या मंडळांनीं यापुढें ठराव करतांना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मागणीचें नातें. आपण याचक नसून करदाते नागरिक आहों. म्हणून भाषा आर्जवाची नको, तशी धमकीचीही नको. दुसरी, तयारी. काम ग्रामसभेंत मांडून गांवाच्या आराखड्यांत बसविलें आहे काय? जागेचा उतारा निर्वेध आहे काय? अभियंत्याचें अंदाजपत्रक आहे काय? वीजबिल, दुरुस्ती व सफाई यांचा खर्च दहा वर्षें कोण सोसणार, हें लिहून ठेवलें आहे काय? इतकें असलें म्हणजे निवेदनाला वजन येतें.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. तीच सर्वांत मोलाची. काम कोणासाठीं? आपल्या वर्गणीनें बांधलेल्या वास्तूवर आपल्या ज्ञातीचें नांव अवश्य असावें. तो आपल्या पूर्वजांचा मान आहे. पण ज्या सभागृहाला, विहिरीला वा वाचनालयाला सरकारी पैसा लागला, त्याचें दार गांवांतील प्रत्येकाला सारखेंच उघडें राहिलें पाहिजे. खुल्या दाराच्या अटीवर निधि घ्यावयाचा व मागाहून दाराला कुलूप लावावयाचें, असें वर्तन आपल्या हातून घडलें, तर १९२३ चा ठराव कागदावर ठेवणाऱ्या नगरपालिकांच्या पंक्तीला आपण जाऊन बसूं. एखाद्या वर्षीं मंडळाच्या सभागृहाची मागणी बाजूस ठेवून दलित वस्तीच्या पाण्याची किंवा धनगरवाड्याच्या रस्त्याची मागणी आपल्या व्यासपीठावरून झाली, तर आपल्या ज्ञातीचें कांहींच उणें होणार नाहीं. उलट सरकारदरबारीं आपल्या शब्दाला जी किंमत येईल, ती शंभर निवेदनांनींही येणार नाहीं.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, यंदाच्या सभेंत ठरावांची संख्या कमी झाली तरी चालेल. एकच ठराव करावा. परंतु त्याच्यासोबत अंदाजपत्रक, आपला वाटा आणि देखभालीची हमी जोडावी, आणि तो सर्व गांवाचा असावा. असा ठराव पुढील वर्षीं पुन्हां वाचण्याची पाळी सहसा येणार नाहीं.