रेघ कोण वाचतं? भरतकामाच्या मशीनची गोष्ट

आजचा विषय भरतकाम. थांबा, लगेच स्किप करू नका. ही गोष्ट जितकी सुईदोऱ्याची, तितकीच माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांचीही आहे.

आधी घरचं साधं शिलाई मशीन डोळ्यांसमोर आणा. त्यावर फूल भरायचं असेल तर काय करतात? प्रेसर फूट काढायचा, कापड पुढे सरकवणारे दाते खाली करायचे किंवा झाकायचे, कापड रिंगमध्ये घट्ट ताणायचं. छापील रेखाचित्र कार्बन पेपरने कापडावर उतरवायचं. किंवा बटर पेपरवर चित्राच्या रेघेवर सुईने भोकं पाडून वरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवायची. मग मशीन सुरू करून रिंग हाताने रेघेवरून फिरवायची. हात पळाला तर टाके लांब पडतात, रेंगाळला तर दोऱ्याचा गुंता होतो. थोडक्यात, पेन एका जागी धरायचं आणि कागद हलवून सही करायची! याला म्हणतात फ्री-मोशन.

सुई जागेवर आणि कापड फिरतं, ही कल्पना सिंगरच्या १८५१च्या पेटंटपेक्षाही जुनी आहे. १८२८ साली फ्रान्समधल्या म्युलूझ शहरात जोझुए हाइलमान याने भरतकामाचं मशीन बनवलं. सुयांच्या लांबच लांब ओळी. प्रत्येक सुईला दोन्हीकडे टोक आणि नेढं मधोमध. कारागिरासमोर फळीवर सहापट मोठं केलेलं चित्र. त्याचा डावा हात पँटोग्राफवर, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दांड्यांच्या चौकटीवर. उजव्या हाताने चाक फिरवायचं, पायांनी पेडल दाबायचं. पँटोग्राफचं टोक चित्रावर सहा सेंटिमीटर सरकलं की कापड एक सेंटिमीटर सरकायचं, आणि सगळ्या सुया तेच फूल शेजारी शेजारी भरायच्या.

हे मशीन खरं रुजलं ते स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात, सेंट गॅलनच्या आसपास. शेतकऱ्यांनी घरातच मशीन बसवलं. बाप मशीनवर, आणि आई-मुलं सुयांत दोरा ओवायला. एका मशीनला ३०० हून अधिक सुया असायच्या! १८७७च्या कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी केली, पण घरच्या कामाला तो लागू नव्हता. त्यामुळे शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मुलं ओवतच राहिली. युरोपच्या श्रीमंतांच्या कपड्यांवर ही नक्षी मिरवायची, तिच्यामागे हे बालपण होतं.

१८६३ मध्ये इझाक ग्रोबलीने शिफ्ली मशीन आणलं. शिफ्ली म्हणजे छोटी होडी, त्यातल्या शटलच्या आकारावरून पडलेलं नाव. आता दोरा रिळातून सलग यायचा, सारखं ओवणं संपलं. पँटोग्राफवाला मात्र अजून होता. मग १८९८ मध्ये ग्रोबलीच्याच मुलाने, आर्नोल्डने, पँटोग्राफच्या जागी भोकं पाडलेला कागद लावला. भोकं वाचून मशीन स्वतःच कापड हलवू लागलं. पंच कार्ड! आपल्या कॉम्प्युटरच्या खानदानातलीच ही मंडळी.

आता माझा प्रश्न. कारागिराची जागा कागदाने इतक्या सहज कशी घेतली?

मला वाटतं, उत्तर त्या सहापट चित्रात आहे. त्यावर प्रत्येक टाका आधीच आखलेला असायचा. कुठून सुरू करायचं, पुढचा टाका कुठे, हे सगळं चित्र मोठं करणाऱ्याने ठरवलेलं. पँटोग्राफवाल्याचं कसब होतं सफाईत, वेगात. निर्णय कागदावर उतरले होते, म्हणून कागद त्याच्या जागी बसला. टिकलं ते रेघेचे टाके करणाऱ्याचं काम. तो आता टाक्यांची भोकं पाडायला लागला. आज हेच काम सॉफ्टवेअरवर होतं, त्याला डिजिटायझिंग म्हणतात.

घरी फ्री-मोशन करणारी बाई मात्र दोन्ही कामं एकटीच करते. तिच्या हातात नुसतं रेखाचित्र असतं. पाकळी आधी की देठ? दोरा न तोडता दुसऱ्या पानावर कसं जायचं? कुठली रेघ दोनदा शिवावी लागेल? हा ग्राफ थिअरीतल्या ऑयलर पाथसारखा प्रश्न आहे, आम्ही इंजिनिअरिंगला शिकलो. ती तो प्रश्न रिंग फिरवता फिरवता सोडवते.

एआय माझं काम खाणार का, हा प्रश्न आमच्या ऑफिसात रोज चहाबरोबर येतो. या गोष्टीने दिलासा मिळत नाही. पण प्रश्न जरा नेमका होतो: माझ्या दिवसातला किती भाग आधीच आखलेले टाके गिरवण्यात जातो, आणि किती वेळा मी स्वतः रेघ वाचतो?

तुमच्या घरी कुणी मशीनवर भरतकाम करत असेल तर एक करा. त्यांच्यासमोर एखादं रेखाचित्र ठेवा आणि विचारा, "सुरुवात कुठून कराल?" उत्तर रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!