नाक कोणी मोठे केले? व्यक्तिचित्राच्या भिंगाची कथा

लग्न ठरवताना मुलीचा फोटो पाठवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सोलापुरात काय किंवा अन्यत्र काय, एका फोटोवरून ‘नाक जरा मोठे आहे’ असा शेरा मारला जातो आणि बोलणे तिथेच थांबते. मुलीला प्रत्यक्ष पाहण्याची वेळही येत नाही. फोटो काढणारा किती अंतरावर उभा होता, हे मात्र कोणी विचारत नाही. लग्नाचे फोटो काढण्याचा व्यवसाय सुरू करणारा तरुण वेगळाच प्रश्न विचारतो: भिंग कोणते घ्यावे? ३५ मिलिमीटरचे, ५० चे की ८५ चे? खरे पाहता हे दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नाची दोन रूपे आहेत. ते कसे, हे समजण्यासाठी व्यक्तिचित्राच्या भिंगाचा इतिहास पाहू.

१८३९ साली फ्रान्समध्ये डागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. तिच्यासाठी शार्ल शेवालिए यांनी केलेले भिंग वापरले जाई. त्यातून घरे, पूल, पुतळे उत्तम येत. माणसे मात्र येत नसत. कारण त्या भिंगाचे छिद्र फार लहान ठेवावे लागे. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की जी संख्या येते, ती येथे सुमारे १६ होती. छायाचित्रकार हे ‘एफ/१६’ असे लिहितात. इतक्या कमी प्रकाशात चित्र उमटायला अनेक मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ पापणी न हलवता बसणे कोणाला जमणार?

हा प्रश्न सोडवला व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी. त्या काळी भिंगे बहुधा अनुभवाने, घासून आणि पारखून केली जात. पेट्झवाल यांनी प्रकाशकिरणांचे मार्ग आधी कागदावर गणिताने काढले. या किचकट आकडेमोडीसाठी त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील गणित जाणणारे सैनिक मदतीला देण्यात आले होते. १८४० साली तयार झालेले त्यांचे भिंग फोइग्टलेंडर यांनी घडवले. त्याची एफ-संख्या सुमारे ३.६ होती. १६ ला ३.६ ने भागून वर्ग केला, तर उत्तर सुमारे २० येते. म्हणजेच नव्या भिंगातून वीसपट प्रकाश आत येऊ लागला आणि वीस मिनिटांचे काम एका मिनिटावर आले. व्यक्तिचित्रांचा धंदा शक्य झाला तो या गुणाकारामुळे. तरीही मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावण्याची पद्धत पुढे बरीच वर्षे टिकून होती.

या भिंगात एक दोषही होता. त्याची प्रतिमा मध्यभागी रेखीव, पण कडेला धूसर होई. त्यामुळे रुंद दृश्य टिपायला ते निरुपयोगी होते. जेमतेम तीस-पस्तीस अंशांचे क्षेत्र हाती लागे. अर्थात माणूस चौकटीत मावायचा, तर छायाचित्रकाराला मागे सरकावे लागे. या सक्तीचा एक फायदा झाला, तो पुढे पाहू.

हे तंत्र आपल्याकडे फार उशिरा आले नाही. १८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक म्हणून नावाजले गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही आरंभीच्या छायाचित्रकारांपैकीच.

पुढचा मोठा बदल झाला तो १९२५ साली. लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि २४ × ३६ मिलिमीटरची चौकट हळूहळू सर्वमान्य झाली. नंतरच्या काही वर्षांत अशा कॅमेऱ्यांची भिंगे बदलता येऊ लागली. ‘व्यक्तिचित्राला ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग’ हा संकेत रूढ झाला तो याच चौकटीसाठी. तो का पटतो, यासाठी थोडे गणित करू.

समजा, डोक्यापासून छातीपर्यंत ६० सेंमी भाग ३६ मिलिमीटर उंचीच्या उभ्या चौकटीत बसवायचा आहे. भिंगाच्या साध्या सूत्रावरून असे निघते की २८ मिलिमीटरचे भिंग असेल तर सुमारे ५० सेंमी, ५० मिलिमीटरला ९० सेंमी, ८५ मिलिमीटरला दीड मीटर आणि १३५ मिलिमीटरला २.४ मीटर अंतरावर उभे राहावे लागेल. आता नाकाचे टोक कानांपेक्षा साधारण १२ सेंमी पुढे असते असे धरू. ५० सेंमीवरून पाहिले तर नाक ५० वर आणि कान ६२ वर. म्हणजे कानांच्या मानाने नाक २४ टक्के मोठे दिसणार. ९० सेंमीवरून हा फरक १३ टक्के होतो, दीड मीटरवरून ८ टक्के, तर २.४ मीटरवरून केवळ ५ टक्के.

या हिशोबात भिंगाने फक्त चौकट ठरवली. नाक मोठे केले ते अंतराने. २८ मिलिमीटरचेच भिंग घेऊन दीड मीटरवर उभे राहिले आणि चित्राचा मधला भाग कापून मोठा केला, तर चेहरा ८५ च्या भिंगाने आला असता तसाच येईल. फक्त बारकावे कमी होतील आणि पाठीमागचे दृश्य तितके धूसर होणार नाही. लांब भिंगाचा खरा गुण हा, की ते छायाचित्रकाराला मागे उभे करते.

ज्यांच्याकडे भिंग बदलण्याची सोय नव्हती, त्यांनी काय केले? आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत अनेक वर्षे यशिकासारखा दोन भिंगांचा कॅमेरा असे. त्याचे ८० मिलिमीटरचे भिंग कायमचे बसवलेले होते. ते सुमारे एक मीटरहून जवळ नेले तर चित्र धूसर येई. पण सहा सेंमीच्या चौरस निगेटिव्हमधून हवा तेवढा भाग छापता येत असल्याने दोन मीटर मागे उभे राहणे परवडत असे.

अंतराचा हाच नियम सोलापूरकरांना सिद्धेश्वराच्या यात्रेत पाहता येईल. मकरसंक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा हा प्रतीकात्मक विवाह. गर्दीमुळे बहुतेकांना दुरूनच फोटो घ्यावा लागतो आणि उंच नंदीध्वज चित्रात एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. ‘लांब भिंगाने दृश्य दाबले’ असे म्हणतात, पण पुन्हा कारण अंतरच. पाच मीटरच्या फरकाने उभे असलेले दोन ध्वज दहा मीटरवरून पाहिले तर पुढचा दीडपट उंच दिसतो. पन्नास मीटरवरून तो जेमतेम १० टक्के उंच दिसतो.

घरच्या लग्नात उलट अडचण असते. मांडवात मागे सरायला जागा नसते, म्हणून रुंद भिंग वापरले जाते. २४ मिलिमीटरच्या भिंगाने आडव्या चौकटीत सगळ्यांचा एकत्र फोटो घेतला, तर अगदी कडेला उभ्या असलेल्या मामांचे डोके सुमारे २५ टक्के रुंद होते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने ६ टक्के. तेव्हा शक्य तितके मागे जावे, आणि जागा नसेलच तर कडेला माणसे उभी करू नयेत. नवशिक्याने ५० मिलिमीटरचे, एफ/१.८ चे स्वस्त भिंग आधी घ्यावे. कमी उजेडात ते उपयोगी पडते. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ते साधारण ७५ च्या भिंगासारखे वागते आणि आपोआप थोडे मागे उभे राहायला लावते.

आता हा प्रश्न प्रत्येकाच्या खिशात आला आहे. हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फी दाखवून नाक लहान करून मागणारे रुग्ण येऊ लागले, तेव्हा अमेरिकेतील शल्यचिकित्सक बोरिस पास्कोव्हर आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १२ इंचांवरून नाक सुमारे ३० टक्के रुंद भासते. पाच फुटांवरून हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. पाच फूट म्हणजे दीड मीटर, आपल्या ८५ मिलिमीटरच्या भिंगाचे अंतर.

वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. एका विद्यार्थ्याचा चेहरा मोबाइलने एकदा ३० सेंमीवरून आणि एकदा दोन मीटरवरून टिपावा. दुसरे चित्र कापून दोन्ही चेहऱ्यांची रुंदी सारखी करावी आणि नाकाची रुंदी पट्टीने मोजावी. दोन्ही चित्रांत कान किती दिसतात तेही पाहावे. मग विद्यार्थ्यांना विचारावे, यांपैकी खरा चेहरा कोणता? या वर्गातल्या मुलींचे फोटो उद्या कोणाच्या तरी हाती पडणार आहेत, आणि मुलगेही कोणाचे तरी फोटो हाती घेणार आहेत. त्याआधी पट्टीने मोजलेला हा फरक त्या सर्वांनी पाहिलेला असावा.