खोक्यांतून आलेली जीप

कोपरीहून पूर्व द्रुतगती मार्गाने मुंबईकडे निघाले, की दहा तऱ्हेच्या मोटारी दिसतात. पण एखादी जुनी उघडी जीप शेजारून गेली, तर खेड्यातून आलेल्या माणसाची मान अजून वळते. मामलेदार, पुढारी, लग्नाचे वऱ्हाड, सगळ्यांना या गाडीने आपल्या गावात आणले. पण ती स्वतः आपल्याकडे कशी आली? मंडळी, ती आली खोक्यांतून, सुट्या भागांनी.

1940 साली अमेरिकी सैन्याने चारी चाकांना जोर देणारी हलकी गाडी मागितली आणि नमुन्यासाठी फक्त 49 दिवस दिले. बँटम नावाच्या लहानशा कारखान्याने तो वेळेत करून दाखवला. मोठे काम मात्र गेले विलीज आणि फोर्ड यांच्याकडे. लहान कारागिराच्या वाट्याला हे नेहमीच येते!

1945 साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीचे नाव बदलले. याच सुमारास विलीज जीपचे सुटे भाग बोटीने मुंबईत येऊ लागले नि माझगावला त्यांची जुळणी सुरू झाली. साटा मांडायचा, खाली आस, वर इंजिन, शेवटी पत्रा. ही मोटार बनवणे नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण जुळवता जुळवताच हात शिकतात. पुढे एकेक भाग इथेच होऊ लागला. उंच इंजिनामुळे उंच बॉनेट आलेले 1953 चे मॉडेल अमेरिकेत 1968 साली बंद पडले. आपल्याकडे ते त्यानंतरही कितीतरी वर्षे बनत होते. पत्रे सरळ, नटबोल्ट उघडे. तालुक्याच्या गावचा मिस्त्रीसुद्धा ती खोलून पुन्हा उभी करी.

इंग्लंडात 1964 साली ‘मिनी मोक’ नावाची अशीच छोटी उघडी गाडी निघाली. तिथे तयार मोटारीवर विक्रीकर होता, सुट्या भागांवर तो नव्हता. म्हणून लोक भाग विकत आणून घरच्या पडवीत मोटार जुळवीत. हौस होतीच, पण कराची बचतही होती.

आता आपल्याकडची गोष्ट. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे, जिल्हा सांगली. तिथल्या एका लोहार कारागिराने भंगारातून छोटी जीप उभी केली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी! खर्च सुमारे 60,000 रुपये. 2021 च्या डिसेंबरात तिची बातमी देशभर गेली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितले, आणि जानेवारी 2022 मध्ये तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली.

नियम वाईट नाहीत. ब्रेक लागला नाही तर समोरच्याचे पोर जाते. पण नमुन्याच्या मंजुरीचा सारा खटाटोप मोठ्या कारखान्याच्या मापाने बेतलेला आहे. एकुलती एक गाडी करणाऱ्याने तो कसा पेलावा? इंग्लंडात घरी जुळवलेल्या एकेका मोटारीची वेगळी तपासणी होते, पास झाली की नंबर मिळतो. आपल्याकडे मोटारी तपासणारी मोठी संस्था 1966 पासून पुण्यात आहे, आणि देवराष्ट्र्याहून पुणे काही फार लांब नाही.