बाबोकिवारी : 'पहिली' चढाई कोणाची?

१/ अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या दक्षिणेस, सोनोरन वाळवंटात, बाबोकिवारी हे सुमारे २,३५० मीटर उंचीचे शिखर उभे आहे. माथ्यापर्यंत पायवाट नाही. अखेरचा टप्पा उघड्या कातळावरूनच चढावा लागतो.

२/ १२ जुलै १८९८ रोजी ॲरिझोना विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट फोर्ब्स हे हेसूस मोंतोया यांच्यासह या माथ्यावर पोहोचले. फोर्ब्स यांचे आधीचे प्रयत्न निष्फळ ठरले होते. शिखरावर त्यांनी मोठा जाळ पेटवला. गिर्यारोहणाच्या इतिहासात हीच 'पहिली चढाई' म्हणून नोंदली गेली.

३/ मात्र हा प्रदेश तोहोनो ओओदाम, म्हणजे 'वाळवंटातील लोक', यांचा. त्यांच्या लेखी हा डोंगर विश्वाचा मध्य आहे. त्यांचा निर्माता इइतोई शिखराखालच्या गुहेत राहतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. गुहेत जाणारे त्याच्यासाठी भेटवस्तू ठेवून येतात. डोंगराशी असलेले हे नाते माथा गाठण्यावर अवलंबून नाही.

४/ म्हणूनच १८९८ हे वर्ष लेखी नोंदीचा आरंभ सांगते, डोंगराच्या मानवी इतिहासाचा नव्हे. इतिहासात 'पहिला' हा शब्द आला की एक प्रश्न अवश्य विचारावा : नोंदवही कोणाच्या हाती होती?